जॉन स्मीटन आणि पाण्यांत घट्ट होणारा चुना

सिमेंटचें पोतें आज कोणास नवें नाहीं. घराचा पाया असो, विहिरीचा कठडा असो, कीं ओढ्यावरील पूल असो, गवंडी येतो, करड्या भुकटींत वाळू व खडी मिसळतो, पाणी ओततो, आणि दुसऱ्या दिवशीं त्या लगद्याचा दगड झालेला आपण पाहतों. गोष्ट नित्याची असल्यामुळें तिच्याविषयीं कोणी प्रश्न विचारीत नाहीं. परंतु ज्या पाण्यानें मातीची भिंत विरघळून जाते त्याच पाण्यानें ही भुकटी कठीण कां व्हावी? अडीचशेंहून अधिक वर्षांपूर्वीं इंग्लंडमधील एका मनुष्यास हा प्रश्न विचारणें भाग पडलें. कारण समुद्रांतील एका खडकावर राहणाऱ्या माणसांचे प्राण, आणि त्या खडकाजवळून जाणाऱ्या शेंकडों गलबतांचें दैव, त्याच्या उत्तरावर अवलंबून होतें. त्या मनुष्याचें नांव जॉन स्मीटन. त्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

आरंभीं चुन्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, म्हणजे पुढील गोष्ट नीट समजेल. सिमेंट येण्यापूर्वीं आपल्याकडे सर्व पक्कीं बांधकामें चुन्यांत होत असत. आमच्या आजोबांच्या काळीं मोठें काम निघालें कीं तेथें चुन्याची घाणी बसत असे. वाटोळ्या चरांतून बैल दगडी चाक ओढीत फिरत आणि चाकाखालीं चुना व वाळू तासन्‌तास मळली जाई. हा चुना चुनखडी भट्टींत भाजून काढीत. भाजल्यानें चुनखडींतील कार्बन डाय-ऑक्साइड वायु निघून जातो व मागें कळीचा चुना राहतो. त्यावर पाणी टाकलें कीं तो फसफसतो, तापतो, आणि फुटून त्याची फक्की होते. भिंतींत घातल्यावर हा चुना हवेंतील तोच वायु सावकाश परत शोषून घेतो व पुन्हां चुनखडी बनतो. भट्टींत जें घालविलें तें भिंतींत परत मिळवावयाचें, असा हा व्यवहार आहे. मात्र हवा नसेल तेथें तो थांबतो. जाड भिंतीच्या पोटांत शुद्ध चुना वर्षानुवर्षें मऊ राहूं शकतो, आणि पाण्याखालीं तर तो मुळींच धरत नाहीं.

आपल्या जुन्या गवंड्यांना हें माहीत होतें. म्हणून हौद, विहिरी, बंधारे यांच्या चुन्यांत ते विटांची पूड, म्हणजे सुरखी, मिसळीत. सुरखीनें काय होतें हें त्यांना ठाऊक होतें. कां होतें हें ठाऊक नव्हतें. युरोपांतील गवंड्यांची स्थिति याहून निराळी नव्हती. प्राचीन रोमन लोक नेपल्सच्या आखाताजवळची ज्वालामुखीची राख चुन्यांत घालून समुद्रांत धक्के बांधीत. तेथील पुझ्झुओली गांवावरून त्या राखेस पोझोलाना म्हणतात. हॉलंडमधील लोक ऱ्हाईन नदीकडून येणारा ट्रास नांवाचा तशाच जातीचा दगड दळून वापरीत. पण हें सर्व वाडवडिलांपासून चालत आलेलें ज्ञान होतें. त्याबरोबर एक समजूतहि चालत आली होती, ती अशी कीं, चुनखडी जितकी कठीण तितका तिचा चुना बळकट. ही समजूत इतकी जुनी होती कीं ती खरी आहे किंवा नाहीं हें पाहण्याची गरज कोणास वाटली नव्हती.

जॉन स्मीटनचा जन्म ८ जून १७२४ रोजीं यॉर्कशायर परगण्यांत, लीड्स शहराजवळील ऑस्थॉर्प या गांवीं झाला. त्याचा बाप वकील होता. खेळण्यांपेक्षां हत्यारांवर मुलाचें प्रेम अधिक. घरीं सुतार किंवा गवंडी आला कीं त्याचें काम पाहत बसावें व प्रश्न विचारून त्यास भंडावून सोडावें, हा त्याचा छंद. एके दिवशीं तो घरच्या कोठाराच्या छपरावर चढलेला दिसला आणि बापाच्या छातींत धस्स झालें; चिरंजीव तेथें आपण केलेली लहानशी पवनचक्की बसवीत होते. दुसऱ्या एका वेळीं गांवांत पंप बसवितांना पाहून त्यानें पोकळ नळीचा एक तुकडा मिळविला आणि पाणी चढविणारा पंप घरीं करून दाखविला. असा मुलगा ज्यांच्या घरीं असतो त्यांना कौतुक थोडें आणि काळजी फार असते, हें आम्ही शिक्षक लोक जाणतों.

लीड्सच्या ग्रामर स्कूलमध्यें त्याचें शिक्षण झालें. मुलानें आपला धंदा पुढें चालवावा अशी बापाची स्वाभाविक इच्छा होती, म्हणून १७४२ सालीं त्यास कायदा शिकण्याकरितां लंडनला पाठविण्यांत आलें. मुलगा गेला, कांहीं काळ न्यायालयांत बसला, आणि मग हा मार्ग आपल्या स्वभावास मानवणारा नाहीं असें बापास विनयानें लिहून कळविलें. बाप शहाणा होता. हातानें काम करणाऱ्या कारागिराची प्रतिष्ठा त्या काळीं वकिलाहून पुष्कळ कमी. तरी त्यानें मुलास अडविलें नाहीं, उलट आपला खर्च देऊन त्यास शास्त्रीय उपकरणें तयार करण्याचा धंदा शिकूं दिला. आमच्या मतें सिमेंटच्या इतिहासांत या बापाचें नांवहि यावयास हवें. त्याचें नांव विल्यम.

उपकरणें करतां करतां स्मीटन प्रयोगांकडे वळला. १७५३ सालीं, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षीं, तो रॉयल सोसायटीचा सभासद झाला. पाणचक्कीच्या चाकावर पाणी वरून सोडावें कीं खालून, याविषयीं चक्कीवाल्यांत वाद होता. स्मीटननें लहान नमुना करून मोजमापें घेतलीं आणि वरून पडणाऱ्या पाण्यापासून खालून वाहणाऱ्या पाण्याच्या सुमारें दुप्पट काम मिळतें असें दाखविलें. या निबंधाबद्दल १७५९ सालीं त्यास सोसायटीचें कोप्ले पदक मिळालें. वाद घालीत बसण्याऐवजीं लहान नमुना करून पाहावयाचें, ही त्याची रीत येथें लक्षांत ठेवावी.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर प्लिमथ नांवाचें बंदर आहे. त्यापासून सुमारें १४ मैल भर समुद्रांत एडिस्टन नांवाचे खडक आहेत. भरतीच्या वेळीं ते पाण्याखालीं जातात. ओहोटीस त्यांचीं टोकें कशीबशी वर दिसतात. नैर्ऋत्येकडून येणारी सबंध अटलांटिक महासागराची लाट प्रथम या खडकांवर आपटते. येथें किती जहाजें फुटलीं व किती माणसें बुडालीं याची गणती नाहीं.

हेन्री विन्स्टन्ली नांवाच्या एका हौशी गृहस्थानें १६९६ सालीं येथें दीपगृह बांधण्याचें मनावर घेतलें आणि १६९८ च्या नोव्हेंबरांत दिवा लावला. काम चालू असतां एका फ्रेंच जहाजानें त्यास पकडून नेलें होतें. इंग्लंड व फ्रान्स यांचें तेव्हां युद्ध चालू होतें. परंतु दीपगृह सर्वच राष्ट्रांच्या नाविकांच्या उपयोगाचें म्हणून फ्रान्सच्या राजानें त्यास सोडून दिलें असें सांगतात. विन्स्टन्लीस आपल्या कृतीचा इतका भरंवसा होता कीं मोठ्यांतल्या मोठ्या वादळांत आपण तेथें असावें अशी त्याची इच्छा होती. २६ नोव्हेंबर १७०३ च्या रात्रीं तें वादळ आलें, आणि त्या रात्रीं तो तेथेंच होता. सकाळीं खडकावर दीपगृह नव्हतें, विन्स्टन्ली नव्हता, त्याच्याबरोबरचें कोणीहि नव्हतें.

दुसरें दीपगृह जॉन रडयर्ड नांवाच्या लंडनच्या एका रेशमाच्या व्यापाऱ्यानें बांधलें. तें मुख्यतः लांकडाचें, वर डांबर फांसलेलें, जहाजाच्या अंगासारखें होतें. समुद्रापुढें तें सत्तेचाळीस वर्षें टिकलें, पण अग्नीपुढें टिकलें नाहीं. २ डिसेंबर १७५५ च्या रात्रीं दिव्याच्या खोलीस आग लागली. हेन्री हॉल हा चौऱ्याण्णव वर्षांचा रखवालदार खालून बादलीनें पाणी वर फेंकीत होता. छपराचें शिसें वितळून त्याच्या अंगावर पडलें, व वर पाहत असतां तोंड उघडें असल्यामुळें थोडें घशांतून खालीं गेलें. तिघेहि रखवालदार खडकाच्या कपारींत लपून वांचले. परंतु आपल्या पोटांत शिसें गेलें आहे असें म्हातारा सांगे, त्यावर डॉक्टरचा विश्वास बसेना. बाराव्या दिवशीं तो मरण पावला. शव तपासलें तेव्हां पोटांतून सात औंसांहून अधिक वजनाचा शिशाचा गोळा निघाला. तो एडिंबरोच्या संग्रहालयांत ठेवलेला आहे.

दीपगृहाचे मालक तिसऱ्या इमारतीसाठीं माणूस शोधूं लागले. रॉयल सोसायटीचे अध्यक्ष लॉर्ड मॅकल्सफील्ड यांनीं स्मीटनचें नांव सुचविलें. त्याचें वय तेव्हां एकतीस वर्षांचें होतें व त्यानें मोठी अशी एकहि इमारत बांधलेली नव्हती.

अनेकांचें मत पुन्हां लांकूडच वापरावें असें होतें. दगडी इमारत लाटेच्या माऱ्यांत उलथून पडेल अशी त्यांना भीति वाटे. स्मीटननें दगडाचाच आग्रह धरला. जड इमारत समुद्रास वांकत नाहीं, आणि दगड जळत नाहीं. आकार त्यानें ओक वृक्षाच्या बुंध्याचा घेतला: खालीं रुंद, वर निमुळता होत जाणारा. चिरे नुसते एकावर एक ठेवून भागणार नव्हतें. म्हणून त्यानें प्रत्येक चिऱ्यास एका बाजूस रुंद होत जाणारी जीभ व दुसऱ्या बाजूस तशीच खांच ठेवली, जसे सुतार पेटीचे कोपरे जोडतात तसे. अशा रीतीनें एका थरांतील सर्व दगड एकमेकांत अडकून त्यांचा एकच दगड होई. खडकाच्या उतारावरहि पायऱ्या व खांचा खोदून पहिले थर त्यांत बसविले. थराथरांमध्यें संगमरवरी खुंट्या घातल्या. बाहेरील दगड कॉर्नवॉलचा ग्रॅनाइट, आंतील पोर्टलंड बेटाचा दगड. या पोर्टलंड नांवाचा संबंध पुढें येणार आहे.

हें सर्व ठरलें, पण एक प्रश्न राहिलाच. या चिऱ्यांमधील चुना समुद्रांत धरणार कसा? घातल्यापासून कांहीं तासांच्या आंत भरती येऊन तो बुडणार. धुऊन गेला तर सांधे मोकळे होणार, आणि सांधे मोकळे झाले कीं विन्स्टन्लीची रात्र पुन्हां यावयास वेळ लागणार नाहीं.

१७५६ सालीं स्मीटन प्लिमथ येथें विल्यम कुकवर्दी या औषधें विकणाऱ्या गृहस्थाच्या घरीं उतरला होता. कुकवर्दी हा क्वेकर पंथाचा सज्जन मनुष्य व चांगला रसायनज्ञ होता. चिनी मातीचा शोध इंग्लंडांत यानेंच लावला. या घरीं स्मीटननें निरनिराळ्या ठिकाणच्या चुनखड्या आणून भाजल्या, त्यांचा चुना मळून सुमारें दोन इंच व्यासाच्या गोळ्या केल्या, त्या जराशा आंबून येऊं दिल्या आणि पाण्याच्या भांड्यांत टाकून ठेविल्या. कोणती गोळी विरघळते, कोणती टिकते, हें तो रोज पाही. युक्ति इतकी सोपी कीं ती यापूर्वीं कोणी कां केली नाहीं याचें नवल वाटतें.

प्रथम जुनी समजूत कोसळली. मऊ खडूचा चुना आणि कठीण संगमरवराचा चुना यांत त्यास कांहींच फरक आढळला नाहीं. पाण्यांत दोन्हीं सारखेच निकामी. मात्र वेल्सच्या किनाऱ्यावरील ॲबरथॉ येथून आलेल्या निळसर चुनखडीची गोळी पाण्यांत टिकली आणि दिवसेंदिवस कठीण होत गेली. असें कां व्हावें? कुकवर्दीनें त्यास परीक्षेची एक रीत शिकविली. चुनखडीची पूड नायट्रिक ॲसिडांत टाकली म्हणजे तिच्यांतील चुन्याचा भाग फसफसून विरघळतो. जें विरघळत नाहीं तें तळाशीं बसतें. शुद्ध चुनखडीचें जवळजवळ कांहींच खालीं राहिलें नाहीं. ॲबरथॉच्या दगडाचा सुमारें आठवा हिस्सा खालीं राहिला. स्मीटननें तो गाळ सुकविला, त्याची गोळी वळली आणि भाजली. तिची तांबूस वीट झाली! म्हणजे गाळ तो दुसरें कांहीं नसून चिकणमाती होती. मग त्यानें पाण्यांत टिकणारे दुसरेहि चुने तपासले. सर्वांत चिकणमाती सांपडली.

येथें आमच्या वाचकांनीं क्षणभर थांबावें. आपला गवंडी चुन्यांत काय मिसळीत असे? विटेची पूड, म्हणजे भाजलेली चिकणमातीच. ॲबरथॉच्या दगडांत सृष्टीनें ती आधींच मिसळून ठेविली होती, आणि भट्टींत चुना व माती हीं दोन्हीं एकत्र भाजलीं जात होतीं. आपल्या दख्खनच्या काळ्या जमिनींत सांपडणाऱ्या चुन्याच्या कंकरांतहि अशी माती असते, आणि म्हणूनच त्यांचा चुना ओल्या जागीं चांगला धरतो. गेल्या वर्षीं आम्हीं आमच्या वर्गांत दोन गोळ्या करविल्या, एक नुसत्या चुन्याची व दुसरी सुरखी मिसळलेली. आठवडाभर ओल्या फडक्यांत गुंडाळून मग दोन्हीं पाण्याच्या पेल्यांत टाकल्या. पहिलीचा दुसऱ्या दिवशीं चिखल झाला. दुसरी महिन्यानंतरहि बोटांनीं दाबून फुटेना. मुलांनीं तिला स्मीटन असें नांव ठेविलें आणि ती अजून प्रयोगशाळेच्या कपाटांत आहे.

मातीचा गुण कोणता, हें मात्र स्मीटनला सांगतां आलें नाहीं. माती हें चांगल्या चुन्याचें लक्षण आहे इतकें त्यास कळलें. कारण कळण्याइतकें रसायनशास्त्र तेव्हां अस्तित्वांतच नव्हतें. चुनखडी भाजल्यावर तिच्यांतून एक वायु निघून जातो, हें दाखविणारा जोसेफ ब्लॅकचा निबंध त्याच १७५६ सालीं प्रसिद्ध झाला. आज आपण असें सांगूं शकतों कीं, चिकणमातींत सिलिका व अ‍ॅल्युमिना हीं द्रव्यें असतात. तापलेल्या भट्टींत चुन्याशीं त्यांचा संयोग होऊन कॅल्शियमचे सिलिकेट तयार होतात. आणि या सिलिकेटांना घट्ट होण्यास हवा लागत नाहीं, पाणी लागतें. तें पाणीच त्यांच्या घडणींत शिरतें व सूक्ष्म तंतूंचें जाळें विणून सर्व कणांस जखडून टाकतें. म्हणून सिमेंट वाळत नसून पिकतें, असें म्हटलें तर चालेल. आणि म्हणूनच नव्या कामावर गवंडी कित्येक दिवस पाणी मारीत असतो.

ॲबरथॉच्या चुन्यावरहि स्मीटन थांबला नाहीं. प्लिमथच्या एका व्यापाऱ्याकडे इटलीहून आणलेला पोझोलाना पडून होता. लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलासाठीं खपेल म्हणून त्यानें तो मागविला होता, पण कोणी घेतला नाहीं. स्मीटननें तो घेतला. ॲबरथॉचा चुना व पोझोलाना समभाग मिसळून त्यानें दीपगृहासाठीं मसाला ठरविला. कांहीं झालें तरी हा सांधा सुटतां कामा नये, अशा ठिकाणीं जें जें मिळेल तें दुहेरी घालावें, हा विचार त्यांत दिसतो.

१७५६ च्या ऑगस्टांत खडकावर खोदकाम सुरू झालें. कॉर्नवॉलचे खाणकामगार व प्लिमथचे पाथरवट यांच्या दोन टोळ्या आळीपाळीनें जात. कामास मिळत ते ओहोटीचे थोडे तास, तेहि समुद्र शांत असला तर. आरमारासाठीं माणसें जबरीनें पकडून नेण्याची त्या काळीं चाल होती. स्मीटनच्या माणसांना कोणी पकडूं नये म्हणून त्यांना ओळखीचीं पदकें देण्यांत आलीं. प्रत्येक थर प्रथम प्लिमथजवळ मिलबे येथील आवारांत जुळवून पाहत व मगच दगड होडींतून नेत. एक टन, दोन टन वजनाचे ते दगड हेलकावणाऱ्या होडींतून खडकावर चढवावयाचे! पहिला दगड १२ जून १७५७ रोजीं बसला. मसाला ओला असतांच लाटेनें धुऊन जाऊं नये म्हणून दर्जांच्या तोंडाशीं प्लॅस्टर ऑफ पॅरिस भरीत. तें कांहीं मिनिटांत घट्ट होई आणि त्याच्या आडोशानें आंतील मसाल्यास धरण्यास अवधि मिळे.

जेथें धोका असेल तेथें स्मीटन स्वतः पुढें असे. एकदां खडकावर पडून त्याचा आंगठा निखळला. वैद्य १४ मैलांवर; त्यानें दुसऱ्या हातानें आंगठा धरून हिसका दिला, तो जागेवर बसविला, आणि मधला दगड बसविण्याच्या कामास परत गेला. हिवाळ्यांत काम बंद असे. तेव्हां वादळी रात्रीनंतर तो पहांटे प्लिमथच्या हो नांवाच्या टेंकडीवर दुर्बीण घेऊन उभा राही, अशी आठवण सांगतात. समुद्राच्या तुषारांतून अर्धवट बांधलेला बुंधा दिसला कीं मग तो घरीं परतत असे.

१७५९ च्या ऑगस्टांत बांधकाम संपलें. सुमारें दीड हजार चिऱ्यांचा तो मनोरा ७२ फूट उंच होता. वरच्या कोठीच्या भिंतीवर १२७ व्या स्तोत्राच्या आरंभींचें वचन कोरण्यांत आलें. ज्यांस तें पाठ आहे त्यांस तें तेथें कां कोरलें हें सांगावयास नको. १६ ऑक्टोबर १७५९ रोजीं चोवीस मेणबत्त्यांचा दिवा लागला. मनोऱ्याची खरी परीक्षा १७६२ च्या आरंभीं झालेल्या भयंकर वादळांत झाली. वादळ ओसरल्यावर लोक किनाऱ्यावरून पाहतात तों मनोरा जागच्या जागीं!

यानंतर स्मीटनला कामांची उणीव पडली नाहीं. स्कॉटलंडमध्यें कोल्डस्ट्रीम, पर्थ व बॅन्फ येथील पूल, फोर्थ व क्लाईड या नद्यांस जोडणारा कालवा, रॅम्सगेटचें बंदर, खाणींतील पाणी उपसणाऱ्या वाफेच्या यंत्रांत सुधारणा, अशीं किती कामें सांगावीं? लष्करी इंजिनियराहून आपण निराळे, या अर्थानें स्वतःस सिव्हिल इंजिनियर म्हणविणारा तो पहिला. १७७१ सालीं त्यानें व त्याच्या मित्रांनीं या धंद्यांतील लोकांची सभा स्थापिली. ती आजहि त्याच्या नांवानें चालू आहे. रशियाच्या कॅथरीन राणीनें मोठें वेतन देऊं करून बोलाविलें असतां तो गेला नाहीं. ऑस्थॉर्प येथें घराशेजारीं त्यानें चार मजली बुरूज बांधला होता. खालीं लोहाराची भट्टी, वर अभ्यासाची खोली. तो वर गेला म्हणजे त्यास कोणी हांक मारावयाची नाहीं, असा घरचा नियम असे.

परंतु त्याच्या यशाचीच यादी देऊन थांबणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. टाईन नदीवर हेक्सम येथें त्यानें नऊ कमानींचा सुंदर पूल बांधला. तो १७८० सालीं पुरा झाला आणि १७८२ च्या मार्चांत एका महापुरानें कांहीं तासांत वाहून गेला. चुना चांगला होता, दगड चांगला होता; नदीच्या तळची रेती पाण्यानें उकरून नेली आणि पायाच उघडा पडला. तळ इतका सैल आहे हें त्यानें ओळखावयास हवें होतें. त्यानें दोष दुसऱ्याच्या माथीं मारला नाहीं, पण ही जखम त्याच्या मनांत शेवटपर्यंत राहिली. दोन वर्षांनीं त्याची पत्नीहि वारली.

उतारवयांत त्यानें एडिस्टनची सर्व हकीकत लिहून काढली. हा मोठा ग्रंथ १७९१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत चुन्याच्या प्रयोगांचें सविस्तर वर्णन आहे, फसलेल्या प्रयोगांसह. आणि आपला मसाला टिकाऊपणांत उत्तम पोर्टलंड दगडाच्या बरोबरीचा होईल असा भरंवसाहि व्यक्त केलेला आहे. पुढील वर्षीं त्यास पक्षाघाताचा झटका आला, आणि २८ ऑक्टोबर १७९२ रोजीं तो ऑस्थॉर्प येथेंच निवर्तला. जवळच्या व्हिटकर्क येथील मंदिरांत त्याचें स्मारक आहे. त्यावर लहानसें दीपगृह कोरलेलें आहे.

स्मीटननें हातीं दिलेला धागा इतरांनीं पुढें नेला. १७९६ सालीं जेम्स पार्कर यानें मातीयुक्त चुनखडीच्या गोट्यांपासून रोमन सिमेंट काढलें. नैसर्गिक मिश्रणावर अवलंबून न राहतां शुद्ध चुना व माती मोजून मिसळावी व एकत्र भाजावी, हें फ्रान्सच्या लुई व्हिकानें १८१८ च्या सुमारास शास्त्रशुद्ध रीतीनें दाखविलें. आणि १८२४ सालीं लीड्स येथीलच, म्हणजे स्मीटनच्या घरापासून कांहीं मैलांवरच्या, जोसेफ ॲस्पडिन नांवाच्या एका साध्या गवंड्यानें अशा मिश्रणाचें पेटंट घेतलें व त्यास पोर्टलंड सिमेंट असें नांव दिलें. पोर्टलंड येथें कांहीं तें होत नव्हतें. घट्ट झाल्यावर तें त्या दगडासारखें दिसे, एवढेंच. ॲस्पडिनची भट्टी मात्र आजच्याइतकी तापत नव्हती. अति भाजून कांचेसारखे झालेले गोळे त्या काळीं बिघडलेला माल समजून टाकून देत. हेच गोळे दळले असतां सर्वांत बळकट सिमेंट मिळतें, हें १८४० नंतरच्या वर्षांत ध्यानांत आलें. आयझॅक जॉन्सन यानें त्यावर फार परिश्रम केले. हे गोळे म्हणजे क्लिंकर. आज सुमारें १४५० अंश सेंटिग्रेड उष्णतेंत तो तयार करितात, आणि तो फार लवकर धरूं नये म्हणून दळतांना थोडें जिप्सम घालतात. आपल्या देशांत १९०४ सालीं मद्रासेस लहानसा प्रयत्न झाला. १९१४ सालीं पोरबंदर येथें कारखाना नीट चालू झाला, आणि मग घाणीचे बैल हळूहळू मोकळे झाले.

सिमेंटचे प्रकारहि आतां पुष्कळ झाले आहेत. अधिक बारीक दळलेलें लवकर बळ धरतें. धरणासारख्या अवाढव्य कामासाठीं कमी तापणारें लागतें. लोह अगदीं कमी ठेविलें तर पांढरें होतें. क्षारयुक्त जमिनीसाठीं निराळें असतें. लोखंडाच्या भट्टींतील मळीहि कांहीं जातींत मिसळतात. पण आमचें लक्ष दुकानांतील ज्या पोत्यावर नेहमीं जातें तें पोर्टलंड पोझोलाना सिमेंटचें. विजेच्या कारखान्यांतील दगडी कोळशाची राख त्यांत असते, आणि ती तेंच काम करिते जें एडिस्टनच्या मसाल्यांत इटलीची राख करीत होती.

स्मीटनच्या मनोऱ्याचें पुढें काय झालें हें सांगावयाचें राहिलें. मेणबत्त्या जाऊन १८१० सालीं तेलाचे दिवे आले. १८६० पासून कित्येक वर्षें इंग्लंडच्या पेनी नाण्यावर ब्रिटानियाच्या पाठीमागें दीपगृह दिसे, तें हेंच. मोठ्या लाटेबरोबर मनोरा हालतो असें मात्र पुढें रखवालदारांच्या लक्षांत येऊं लागलें. तपासणी केली तेव्हां मनोरा धडधाकट निघाला; त्याच्याखालचा खडक समुद्रानें पोखरला होता. म्हणून शेजारच्या खडकावर जेम्स डग्लस यानें नवें, अधिक उंच दीपगृह बांधलें व तें १८८२ सालीं चालू झालें. जुना मनोरा पाडून टाकण्यास प्लिमथचे लोक तयार होईनात. त्यांनीं वर्गणी जमविली, वरचा भाग एक एक दगड सोडवून किनाऱ्यावर आणविला, आणि ज्या हो टेंकडीवरून स्मीटन दुर्बिणींतून पाहत असे तेथेंच नव्या जोत्यावर १८८४ पर्यंत तो पुन्हां उभा केला. लोक आजहि त्यावर चढून समुद्र पाहतात. हवा स्वच्छ असली तर तेथून एडिस्टन दिसतें: डग्लसचा मनोरा, आणि त्याला लागून एक आंखूड काळसर बुंधा. तो स्मीटनच्या मनोऱ्याचा खालचा भाग. तो कोणी हालविला नाहीं. लाटा त्यावर अजून आपटत आहेत.